कढीपत्त्याचं निमित्त

मंगळवार, लातूर

शेजारची रेश्मा आजही कढीपत्ता मागायला आली. रोज संध्याकाळी येते, स्वयंपाकघरात घुटमळते अन् दिलेला कढीपत्ता ओट्यावरच विसरून जाते. हिला नेमकं काय पाहिजे? माझे डबे बघते की काय?

आज तर दारातूनच ओरडली, "वहिनी, गॅस सुटलाय! वास येत न्हाई का?"

न्हाई येत. त्या तापापासून कशाचाच येत न्हाई. पण हे मी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे यांनीच हिला सांगितलं असणार! रोज वास घ्यायलाच येत होती तर.

लई राग आला. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, ती गेली. कढीपत्ता ओट्यावर तसाच.

वास काही परत यायचा न्हाई. उद्या मीच हाक मारते: रेश्मा, कढीपत्ता राहू दे, नाक घेऊन ये. चहा पिऊ.