तीनशे नऊवर काहीच नव्हतं

बेलग्रेड,
बुधवार, २१ जानेवारी २००९

प्रिय ग्वोझ्देनकाका,

तुम्ही आणि रोसांदाकाकू बरे असाल, असं लिहायची सवय आहे. पण काल काकू प्रयोगशाळेत येऊन गेल्या. तुम्ही बरे नाही, हे मला कळलं आहे.

तुमचं काचकामाचं दालन बंदच असतं. बर्नरवर कुणीतरी वर्तमानपत्र टाकलं आहे.

काकू म्हणाल्या, "बत्तीस वर्षांच्या नळ्या, रोज एकेक बादलीत फोडतो. मी काही बोलले की म्हणतो, माझ्या हातातलं कसबच गेलं, रोसा." आपल्या प्रयोगातली ती नळी तेवढी अजून घरी कपाटावर आहे, असंही म्हणाल्या.

या वर्षी तुमच्या कुलसंताच्या दिवशी मी आले नाही. त्या दिवशी कुणी कुणाला बोलवत नाही, ज्याने त्याने यायचं. म्हणून न येणं लपत नाही. तुम्हाला वाटलं असेल, देसांकासुद्धा रागावली. काका, तुमच्या घरचा प्रसादाचा गहू मी कोणत्या तोंडाने खाल्ला असता?

ऑक्टोबरात त्या नळीत आपण हेलियम भरला होता, नायट्रोजन नावापुरता. तरी नायट्रोजनच्या आयनांचा तो जांभळा उजेड, ३९१ नॅनोमीटरचा, चौपट आला. वर्षभराची मोजमापं वाया गेली. बैठकीत मी म्हणाले, "काचेचा सांधा गळतोय. बाहेरची हवा आत येतेय." तुम्ही टोपी उचललीत आणि गेलात.

हवा आली असती तर तिच्यातली पाण्याची वाफही आली असती. आलेखात ३०९ वर तिची खूण उठली असती. तिथे काहीच नव्हतं. सपाट रेघ.

ती मी बैठकीच्या आधी पाहिली होती.

नायट्रोजन आमच्याच सिलिंडरमधून नळीत झिरपत होता. बैठकीच्याच संध्याकाळी मी त्याचा सुईचा व्हॉल्व्ह खोलून पाहिला. सुई जिथे टेकते ती कड चिरडलेली होती, म्हणून तो पुरता मिटत नव्हता. तुम्ही किती वेळा ओरडलात, "अगं, व्हॉल्व्ह आहे तो, कोंबडीची मान नव्हे! दोन बोटांनी मिटव." मी आवळतच राहिले.

नोव्हेंबरात माझ्या नेमणुकीचा निर्णय होता. नेमणूक झाली.

आज सकाळी आलेख आणि व्हॉल्व्ह संचालकांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर अहवाल बदलू? तेव्हाही तुमचाच शब्द होता, बाई. नळी आणा, पंप लावा, सांधा हवाबंद आहे ते दाखवा." शुक्रवारी तुमचं दालन मोडायला माणसं येणार आहेत.

हे पत्र तुमच्या पेटीत टाकून जाते. फोन उचलू नका. मला माफ करू नका. फक्त ती एक नळी फोडू नका, काका. उद्या सकाळी मी फाटकाशी उभी असेन. समोर येऊ नका, नुसती पायरीवर ठेवा. मी हलक्या हाताने उचलेन.

तुमच्या चांगल्या हाताला खोटं पाडणारी,
देसांका