डाव्या अंगाले ओढणारा छकडा

बा, तुया छकडा यंदा शंकरपटाच्या शर्यतीत पळाला. तू गेला तवापासून तो सपरीत उभाच होता, मी त्याच्यावर बरबटीच्या शेंगा वाळू घालत होती. मी चौथीपर्यंतच शिकली, तवा लंबं लिहिणं होत नाई. पण हे तोंडानं कोणाले सांगाचं नाई, म्हणून लिहून राहिली.

आताच्या धुरकऱ्याईले तुयासारखा छकडा हाकता येत नाई, हे मी इतके वर्सं सगळ्याईले ऐकवत आली. आता चाकात बेरिंगचे छर्रे, बैलाले दूध-अंडे, जोडी आपल्यानंच पळते, धुरकरी वर बसून काठी हालवते, अन् भोंग्यावर त्याचं नाव घेते. यंदा पट कमिटीच्या म्हाताऱ्याईनं काढलं, का लाकडी आसाच्या जुन्या छकड्याईची एक अलग शर्यत घ्या, म्हणजे समजन यायच्या हातात काय हाये ते. तुया नातजवाई तुमसरले धानाच्या गिरणीत हाये, पण जीव सगळा बैलात. दुसऱ्याच दिवशी दारात उभा. "मामी, आबाजीचा छकडा द्या." मी म्हटलं, "तुमी गिरणीतले पोते हाका, जवाईबुवा. मोडला म्हणजे?" "मोडला तर मी बी त्याच्यासंगच मोडन." "तुमचं काय जाते, पोरगी मायी हाये ना!" पोरगी आतून हासली. त्यानं चहा घेतला नाई, उठला बी नाई. शेवटी मीच शेंगा काढल्या. सपरीत माया बापाचं म्हणून तेवढंच होतं, बा, पण दारात बसलेला जवाई किती वेळ पाहाचा?

धान निघालेल्या बांधीत त्यानं एक फेरा मारला अन् परत आला. "मामी, हा डाव्या अंगाले ओढते." "बैल तुमचे डावे असन." त्यानं सुतळी घेतली, एक चाक मोजलं, मंग दुसरं मोजलं. डावं चाक दीड बोट लहान! मले असा राग आला का सुतळी त्याच्या हातातून हिसकली, मीच मोजलं. दीड बोटच. कारध्याच्या वाटेवर तुयं चाक मोडलं अन् तू सोयऱ्याच्या छकड्याचं लावून आणलं, हे मले ठाऊक होतं. लहान हाये, हे तू कोणाले बोलला नाई. मी लहानपणी पुसलं होतं, "बा, तू उजव्या अंगाले झुकून काहून हाकते?" तू म्हटलं, "शेण काढ, तोंड नको लावू." मंग मी पुसलंच नाई. अन् लोकाईनं काय केलं? त्याईले वाटलं, जिंकाची कळ त्या झुकण्यातच हाये. कोंढ्यापासून तुमसरपर्यंत पोट्टे आपल्या सीध्या छकड्यावर उजवीकडे झुकाले लागले, अन् बैल बाजूच्याच्या दाणीत, त्याच्या पळाच्या पट्ट्यात घुसाले लागले. आज बी घुसते! अन् मी म्हणत होती, तुयासारखं कोणाले जमत नाई. कसं जमन?

मी म्हटलं, वाढई-सुताराले सांगून सारखं चाक बसवून घेऊ. जवाई मान हालवते. "नाई मामी. आबाजीनं यावरच हाकलं ना? मले पाहू द्या." मंग पंधरा दिवस गिरणीतून येऊन बांधीत पडला, उठला, कोपर सोलला. पोरीनं हळद लावली अन् माया नावानं बोटं मोडले.

पटाच्या दिवशी मी बायाईसंग गाडीवर उभी. झेंडी पडते, जोडी सुटते, अर्ध्या दाणीत छकडा डावीकडे ओढते, लोकं "गेला, गेला" म्हणते. तो तुयावानी पुरा लवला नाई, बा. एक गुडघा उजव्या पाटीवर दाबला, कासरा इतकुसा ढिला केला, बैलाले नुसतं "हो रे राजा" म्हटलं. काठी लावलीच नाई. छकडा सीधा झाला. मी इतकी वरडली का बाजूच्या बाईनं कान झाकले.

दुसरा आला. कमिटीतला एक म्हातारा म्हणे, "तुया बाप असता तर पयलाच आला असता." मी म्हटलं, "माया बापाच्या वेळेले सेकंदाची घडी होती काय तुमच्यापाशी? मंग चूप बसा. याले हाकता येते." चांगलं मोठ्यानं म्हटलं. जवाईनं ऐकलं, बैलाची पाठ चोळत खाली पाहून हासला. छकडा त्याच्याच घरी नेऊ देल्ला. तिकडं पळन तरी, इथं शेंगाच वाळल्या असत्या. दोन-तीन पोट्टे त्याच्यापाशी शिकाले बी येऊन राहिले म्हणते. त्याईले तो पयले चाकं मोजाले लावते.

हा कागद मी चुलीतच घालीन, पोरीच्या हाती लागू द्याचा नाई. तिले वाटते, मले छकडा मोडाची भीती होती, म्हणून मी देत नव्हती. तसं नाई, बा. अर्ध्या दाणीत तो डावीकडे ओढला अन् लोकं "गेला" म्हणाले, तवा वरडाच्या आंधी, घडीभर, मले बरं वाटलं होतं.