हा जॉब कोणी केला?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा तेच केलं!

सदर बाजारातला रजत आला होता. आइस्क्रीमवाला. त्याच्या मशीनमधला कॅम नावाचा फिरता पार्ट तयार होता. त्याची गाडी आमच्या वर्कशॉपच्या शेडसमोर थांबली तशी जयानं मिलिंग मशीन बंद केली, अंगावरचा माझा जुना शर्ट काढून खुंटीला टांगला, ओढणी घेतली आणि मागं गेली. बायकोला आता हे सांगावं पण लागत नाही. आणि मी काय केलं? ग्रीसच्या डब्यात डावा हात बुडवला. थोडं शर्टाला पुसलं. मशीनसमोर उभा राहिलो — जसा काही सकाळपासून तिथंच आहे.

रजतनं कॅम फिरवून फिरवून पाहिला. "संघपालभाऊ, तुमच्या हाताले तोड नाही!"

"सवय आहे," मी म्हटलं.

जया चहा घेऊन आली. नखांत काळं तेल. कप ठेवला आणि हात ओढणीत गुंडाळून घेतले. रजतनं पाहिलंही नाही.

५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हातानं रोज काहीतरी लिहा, हात वळेल. म्हणून हे. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच.

उजव्या हाताची तीन बोटं मागच्या उन्हाळ्यात कटरमधे गेली. हातमोजा घालून चालू मशीनवरचा लोखंडाचा कीस काढायला गेलो. कालचा शिकाऊसुद्धा असं करत नाही. मी केलं.

शेड बंदच करणार होतो. जया म्हणाली, "तुम्ही सांगत जा जी, मी हँडल फिरवते." सुरुवातीला मी सांगायचो, ती फिरवायची. मग मी सांगायच्या आधीच तिचा हात तिथं पोचायला लागला. आता मी स्टुलावर बसतो. गिऱ्हाईक आलं की उठतो.

६ फेब्रुवारी

लपून राहा, असं मी तिला कधीच म्हटलं नाही.

लपू नको, असंही म्हटलं नाही.

१२ फेब्रुवारी

कळमन्याहून ओमप्रकाशजींचा फोन. त्यांच्या डाळमिलमधल्या चाळणीच्या मशीनचं बेअरिंग ज्यात बसतं ते घर फुटलं. तुरीचा सीझन, मिल थांबून. कंपनीचा पार्ट यायला वेळ लागेल, तुम्ही बनवून द्या म्हणाले.

जया म्हणाली, "मी पण येते माप घ्यायले."

"तिथं सगळे हमाल लोक. तू काय करशील?"

एकटाच गेलो. व्हर्निअर, बारीक माप घ्यायची पट्टी, डाव्या हातात नीट धरता येत नाही, पण चारचौघांसमोर कोणाला धर कसं म्हणायचं? फुटक्या घरावरूनच माप घेतलं. भोक घासून मोठं झालेलं होतं, ते दिसत होतं मला. अंदाजानं थोडं कमी धरलं आणि आलो.

जयानं विचारलं, "बेअरिंग नाही आणलं? त्याच्यावरून पाहिलं असतं."

"मोजलं ना मी! तू मले शिकवून राहिली का?"

तिनं मी सांगितलं त्या मापानं काम सुरू केलं.

१४ फेब्रुवारी

पार्ट बसवला. मिल सुरू झाली. ओमप्रकाशजींनी खांद्यावर थाप मारली. "मान गये, संघपालभाऊ!" मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, किती साधा माणूस!

१७ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

दुपारी ओमप्रकाशजी स्वतः आले. जळकं बेअरिंग आणि आपला पार्ट टेबलावर आपटला. भोक ढिलं. बेअरिंग आतल्या आत फिरत राहिलं, तापलं, जाम झालं. पट्ट्यातून धूर निघाला. एक बाई चाळणीपाशीच उभी होती, घाबरून मागं सरकताना पडली. मनगट सुजलं तिचं. बाहेर तुरीच्या गाड्या उभ्या.

"ये किसने बनाया?"

जया तिथंच होती. शर्ट काढायलाही वेळ मिळाला नव्हता तिला. बाजूच्या शेडमधला वेल्डर धोंडबा आवाज ऐकून दारात आलेला.

मी म्हटलं — माझ्याच तोंडानं म्हटलं — "जयानं केला. माझा हात हा असा... तिच्यावर सोडलं. चुकलं तिचं."

ओमप्रकाशजींनी तिच्याकडं पाहिलं. शर्टाकडं, हातांकडं. "औरत से काम करवाते हो और बताते भी नहीं?"

जयानं माझ्याकडं पाहिलं. थोडंसंच. मग पार्ट उचलला, बोट आतून फिरवलं. "बेअरिंगची नवी जोड पाठवा, भाऊ. उद्या दुसरा देते. त्या बाईले जास्त लागलं का?"

माप माझं होतं, हे तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

१८ फेब्रुवारी

दुसरा पार्ट झाला. बेअरिंग शेजारी ठेवून केला. शेवटी तिनं बेअरिंग अंगठ्यानं दाबलं तर जड जड आत गेलं, आणि बसलं. मी स्टुलावर होतो. उतरायची पण लाज वाटत होती.

ती जेवायला गेल्यावर जुना पार्ट मोजून पाहिला. मी सांगितलं होतं तेवढंच भोक. केसाचाही फरक नाही.

२० फेब्रुवारी

धोंडबा आला. रोज जयभीम घालतो, आज नाही घातला.

"काहून गा संघपाल, चांगलं झालं की तुह्यं अन् बिघडलं की वहिनीचं?"

"तू तुझं वेल्डिंग पाहा," मी ओरडलो. त्याचं तो पाहतोच बिचारा. त्याचं काय चुकलं?

२१ फेब्रुवारी

चार दिवसांपासून जया भाजी कोणती, पाणी आलं का, एवढंच बोलते. आज जेवताना मीच काढलं.

"तुले राग नाही आला त्या दिवशी?"

"आला ना."

"मग बोलली काहून नाही?"

ती पोळी मोडत राहिली. म्हणाली, "तुम्ही 'जयानं केला' म्हटलं न जी, तवा पहिले मले बरं वाटलं. वाटलं, आज घेतलं माझं नाव. मग पुढचं ऐकलं."



२४ फेब्रुवारी

कळमन्याला गेलो. आधी त्या बाईला भेटलो. मनगटाला पट्टी. माफी मागितली तर तीच म्हणाली, "असू द्या भाऊ." मग ओमप्रकाशजींच्या गादीसमोर, मुनीम, हमाल सगळे असताना सांगितलं — माप मी चुकीचं घेतलं होतं. जयानं विचारलं तर तिलाच दटावलं. आणि वर्षभर जे काही नेलं ते सगळं तिनं बनवलेलं आहे. मी फक्त हाताला ग्रीस लावत होतो.

वाटलं होतं, ओरडतील. ओरडले नाहीत.

"भाभीजी को बोला ये?"

"नाही."

"तो मेरे को बोल के क्या फायदा?"

परत येताना ऑटोत तोंड झाकून बसलो.

२६ फेब्रुवारी

आज ठरवलंच होतं. रजत आला, दुसरा पार्ट न्यायला. जया मशीनवर होती. मागं जाऊ लागली तर मी म्हटलं, "थांब वं." आणि रजतला सांगितलं, "हे सगळं जया करते. मी नाही."

रजत खो खो हसला. "भाऊ, सकाळी सकाळी मजाक!"

आणि मी — मीही हसलो! का हसलो? तोंडातून आलंच ते हसू.

जयानं मशीन सुरू केली. आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जयाला हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. मिलिंग ऑपरेटर. काल ट्रायलला एक जॉब दिला होता, तो पास झाला. सोमवारपासून जायचं. विचारलं नाही तिनं मला, सांगितलं.

"आणि आपल्या मशीनचं काय?" मी म्हटलं.

"तुमच्या," जया म्हणाली.