पडद्यावरचं रडणं

११ डिसेंबर १९७३

बारसं झालं एकदाचं. बायका आल्या, पाळणा म्हणाल्या, घुगऱ्या पदरात घेऊन गेल्या. नाव ठेवलं सुरेंद्र, हाक मारायला बंडू. माझ्या तोंडात दोन्ही बसत नाहीत. मी 'हा' म्हणते. हा उठला, हा झोपला, हा ओला झाला.

सगळ्या म्हणत होत्या, "बघ की गं, कसं ग्वाड हाय!" मी बघितलं. लाल आहे. भुवया चढवून बघतो. रिटायर झालेल्या हेडमास्तरांसारखा दिसतो. तसं बोलले नाही, हसले. हसायला येतं अजून.

१४ डिसेंबर

आत्यांनी रेडिओ उचलून स्वतःच्या खोलीत नेला. सासूबाई खऱ्या, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं — मला आत्या म्हणायचं. म्हणाल्या, "बाळंतिणीच्या कानाला वारं लागतंय गाण्याचं."

गाण्याचं वारं! कानाला फडकं बांधलंय, खोलीची खिडकी बंद, खाटेखाली शेगडी. वारा आत शिरणार कुठून? बुधवारची सिलोनची गाणी गेली म्हणायची. गेली तर गेली. पूर्वी असं झालं असतं तर मी दोन दिवस जेवले नसते.

१९ डिसेंबर

रेडिओ नाही म्हणून ह्याचं रडणं ऐकते. दुसरं करणार काय?

चाल आहे त्याला. सुरुवातीला नाकातून एक बारीक सूर, कुणी पेटी धरून बसल्यासारखा. मग खालचा ओठ बाहेर. मग दोन तुटक हुंदके. मग एकदम गप्प — इतका वेळ की वाटतं, विसरला कशासाठी रडत होता ते. आणि मग वरची पट्टी! तिच्या शेवटाला जराशी खरखर, झिजलेल्या तबकडीसारखी. शंभरातले चाळीस मार्क. मुखडा बरा आहे, अंतरा तोच तोच.

धोंडुबाईला सांगितलं. ही ह्याला न्हाऊ घालायला येते, मलाही चोळून देते. हसून हसून तिच्या हातातला तेलाचा गडू लवंडला. म्हणाली, "माया येती गं आपसूक. दुधासंगं येती."

दूध आलंय.

२७ डिसेंबर

काही नाही. काल पण काही नाही.

३ जानेवारी १९७४

हे पेपर वाचून दाखवत होते, मला बरं वाटावं म्हणून. कुठल्या नटाचं लग्न मोडलं, कुठला सिनेमा पंचवीस आठवडे चालला. मी हूं हूं केलं.

सिनेमात रडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. कॉलेजात मैत्रिणी माझ्यासाठी जादा रुमाल आणायच्या. हिरोचा कुत्रा मेला तरी मी रडायची. एकदा तर श्रेयनामावलीलाच रडले, संगीत तसं होतं! आणि आता ह्याच्याकडे बघते आणि आत सगळं बधिर. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं. चिमटा काढला तरी आपला वाटत नाही.

हा झाला तेव्हा हे ग्राउंडवर होते. पेठेच्या संघाची फुटबॉल मॅच. निरोप घेऊन गेला त्याला म्हणाले, "हाफटाइम होऊ दे की!" मग लाजून पेढे घेऊन आले, आणि मॅच हरलेली असल्यामुळे तोंड पाडून. मला राग यायला हवा होता. आला नाही.

आई असती तर विचारलं असतं — मी झाले तेव्हा तुला लगेच वाटलं होतं का गं काही? आई गेली तेव्हा मी नववीत. असले प्रश्न त्या वयात सुचत नाहीत. आणि आत्यांना कसं विचारायचं?

१६ जानेवारी

संध्याकाळी जोतीराम भावजी आले. ह्यांचे चुलत भाऊ, स्टुडिओत लाईट सांभाळतात. दारातूनच ओरडले, "वहिनी, पोरगं द्या की जरा!"

सिनेमाला तान्हं मूल हवंय. ठरवलेल्या बाळाला गोवर निघाला. नाव अजून ठरायचंय. "कुंकू, चुडा न्हाय तर पाळणा — तीनातलं एक नावात येतंयच," भावजी म्हणाले. गोष्ट अशी की हिरॉईन बाळाला देवळाच्या पायरीवर टाकून जाते, आणि वीस वर्षांनी तोच इन्स्पेक्टर होऊन येतो.

मला वाटलं आत्या नको म्हणतील. दृष्ट, वारं, सावली, काहीतरी काढतील. पण हिरॉईनबाईंचं नाव ऐकलं आणि आत्यांनी आधी स्वतःसाठी इरकल काढून ठेवलं.

२१ जानेवारी

शूटिंग झालं.

देऊळ पुढून दगडी, मागून नुसते बांबू. मेकअपवाल्यानं ह्याच्या गालाची तीट पुसली, आत्यांनी लगेच तळपायाला दुसरी लावली. "तिथं कोण बघतंय? पर नजर थांबती."

हिरॉईनबाई जवळून लहानखुऱ्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मी कधी इतकं लहान मूल घेतलेलं नाही हो. दाखवाल?" मी दाखवलं. हात मानेखाली, डोकं कोपरात, पाय लोंबू द्यायचे नाहीत. त्यांनी घेतलं. आणि कॅमेरा सुरू झाला तसा त्यांचा चेहराच पालटला. ह्याच्या कपाळाला गाल लावला, डोळे मिटले, असा एक श्वास घेतला की लाईटवाले सुद्धा हलेनात. आत्यांचा पदर डोळ्याला. धरायचं कसं ते मी दाखवलं, माया त्यांनी स्वतःची आणली. कुठून आणली?

विचारलंच मी. चहा घेताना. "ते रडू कसं येतं हो तुम्हाला?"

"ग्लिसरीन."

"आणि नसलं तर?"

"तर नुसतं तोंड करायचं. कधीकधी मागून येतं खरं."

मग ह्याची पाळी. पायरीवर ठेवला तर हा ढाराढूर झोपला. रडायला तर हवा. कुणीतरी म्हणालं, जरासा चिमटा काढा. आईनं काहीतरी बोलायला हवं होतं. मी उभी. आत्या गरजल्या, "हात लावून बघ! मोडून ठेवीन!"

भावजींनी मोठा लाईट लावला, त्यानं जाग आली. नाकात सूर धरला. मी डायरेक्टरना म्हटलं, "आता ओठ काढेल. दोन हुंदके देईल, मग गप्प बसेल. तेव्हा बंद करू नका, खरं त्याच्यापुढं आहे." त्यांनी टोपी मागं सारून माझ्याकडे बघितलं. तसंच झालं. वरची पट्टी लागली आणि छपरावरचे कावळे एकदम उठले! आवाजवाल्यानं कानावरचे फोन काढून कपाळाला हात लावला. डायरेक्टर म्हणाले, "चित्र मिळालंय ना? आवाजाचं बघू नंतर."

नारळ, खण, ह्याला झबलं. टांग्यातून परत. येताना आत्या म्हणाल्या, "हिरॉईननं कसं काळजाला लावलं बघ पोराला!" मी मांडीवरच्या ह्याच्याकडे बघितलं. पावडरीचा वास येत होता.

२२ जानेवारी

दुपारी आरशापुढे ह्याला घेऊन उभी राहिले. कपाळाला गाल लावला. डोळे मिटले. श्वास घेतला.

मागून काही आलं नाही. हा शिंकला.

९ मार्च

लिहिते एकदाचं. मला ह्याची माया येत नाही.

करते सगळं. दूध, दुपटी, गुटी, काजळ. कुणी नाव ठेवणार नाही. पण ते टपालखात्यासारखं — वेळेवर, आणि पाकिटात काय आहे ते ठाऊक नाही. (हे पोस्टात आहेत म्हणून सुचलं.) कुणी विचारलं तर हिरॉईनबाईंचा चेहरा करते. जमतो आता बऱ्यापैकी. काल शेजारच्या सरोजिनीताई म्हणाल्या, "तुझा भारी जीव हाय गं लेकरावर!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्याला कधीतरी कळलं तर?

२ मे

पेठेची मॅच. हे ह्याला खांद्यावर घेऊन ग्राउंडवर गेले होते. गोल झाला तसा हा घाबरून रडला म्हणे. हे सांगत होते, "पेठेचं पोरगं असून गोलला रडतंय! नाव काढणार!" मी विचारलं, गप्प बसला होता का मधे? "कशाच्या मधे?" सोडून दिलं.

३० जून

पाऊस. दुपटी वाळत नाहीत. शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर वाळवते. रेडिओ परत मिळालाय. लावत नाही.

१८ ऑगस्ट

हा रांगतो. माझ्या मागं मागं स्वयंपाकघरात येतो, पायाला धरून उभा राहतो. सगळ्यांना सोडून माझ्याकडेच. मला वाटतं, ह्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.

४ ऑक्टोबर

सिनेमा लागला. पाळणा निघाला तीनातला! पहिला खेळ, बाल्कनी. आत्या, हे आणि मी. अर्ध्या गल्लीला ह्यांनी सांगितलंय. ह्याला धोंडुबाईकडे ठेवला. भावजी मुंबईला, नाहीतर तेही आले असते.

मी पदराखाली रुमाल धरला होता. म्हटलं आज येईल. एवढा मोठा पडदा, संगीत, स्वतःचं मूल. आज नाही आलं तर कधीच नाही.

आला हा पडद्यावर. हाच. तळपायाची तीट सुद्धा दिसली, आत्यांनी ह्यांना कोपर मारलं. हिरॉईनबाई पायऱ्या उतरून गेल्या. हा रडला. सबंध थेटर रडलं! पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं नाक शिंकरलं. हे चष्मा पुसत होते.

मला काही झालं नाही. काहीच नाही. उलट घासात दाताखाली खडा यावा तसं कानाला झालं. हे रडणं ह्याचं नव्हे. ऊं-आं, ऊं-आं, एका चालीत, मोजून मापून. मी आत्यांना म्हटलं, "हे आपलं नव्हे."

"काय आपलं न्हवं?"

"रडणं. ह्याचं नाही ते."

"अगं तोंड त्याचं दिसतंय न्हवं? मग आवाज काय शेजाऱ्याचा असंल?" मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, घरात जाऊन बोला की!"

घरी येताना हे हळूच म्हणाले, "श्यामा, आपलंच पोरगं न्हाय वळखलंस व्हय?" रागानं नाही. काळजीनं. धोंडुबाईकडून ह्याला आत्यांनीच घेतलं. माझ्या हातात दिलं नाही.

५ ऑक्टोबर

सगळ्यांना ऐकू आलं, मला नाही. बापाला कळलं, आजीला कळलं, पुढच्या रांगेतल्या म्हातारीला कळलं. कुत्रीला आपलं पिल्लू कळतं.

खरं असणार ते. मीच दगड आहे.

६ ऑक्टोबर

भावजी सकाळी मुंबईहून आले. ह्यांनी हसत हसत सांगितलं, वहिनी पोराला वळखत न्हाय म्हणून. भावजी हसले नाहीत. कप खाली ठेवला.

"वहिनी, तुम्हाला कसं कळलं?" म्हणाले. "त्या दिवशी कावळ्यांनी घोळ केल्ता न्हवं? आवाज वायाच गेला समदा. मुंबईला एक बाई हाय, सिनेमातल्या तान्ह्या पोरांचं रडणं तीच काढती. तिचाच आवाज घातलाय. युनिटात सुद्धा कुणी वळखलं न्हाय!"



आत बंडू जागा झाला. नाकात तो बारीक सूर धरला. मी उंबऱ्यात उभी राहिले. ओठ बाहेर आला असणार. दोन हुंदके. मग गप्प. वरची पट्टी लागायच्या आत मलाच रडू फुटलं.