पऱ्हाटीच्या शेडमधली माझी ग्रोथ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
जॉइन झालो. पद : प्रोसेस को-ऑर्डिनेटर. तात्पुरतं. नव्वद दिवसांत ऑपरेशन्स हेड. पंकज तसं म्हणाला नाही, पण हात मिळवताना जरा जास्त वेळ धरून ठेवला.

स्टार्टअप म्हणजे तेलंगणात आदिलाबादजवळ गुडीहत्नूरच्या हायवेला एक पत्र्याचं शेड. कापूस वेचून झाला की शेतकरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली झाडं, जाळून टाकतात. आम्ही ती आणतो, मशीनमध्ये बारीक करतो, दाबून जळणाच्या कांड्या करतो, कारखान्यांच्या बॉयलरला विकतो. माणसं सात. मालक पंकज, बाजारहत्नूरचा, वय अठ्ठावीस, म्हणजे माझ्याहून पाच वर्षांनी लहान. इंजिनिअर आहे, पण नखांत माती. फाउंडरच्या नखांत माती मला पाहवत नाही.

धूळ इतकी की चहावर साय आली असं वाटलं. साय नव्हती.

सिस्टीम शून्य. मशीन चालवतो चंपत, नार्नूरचा, पन्नाशीचा, आधी कापसाच्या जिनिंगमध्ये होता. मशीनच्या आवाजावरून त्याला म्हणे सगळं कळतं. कंपनीची अख्खी प्रोसेस एका माणसाच्या कानात. आणि त्या कानात कापसाचा बोळा. शिसारी आली.

४ फेब्रुवारी
संकल्प : पाचला उठणे. योगा. एक तास इंडस्ट्री रीडिंग. साडेआठला शेडवर.

आठ दहाला उठलो. हैदराबादला आठ महिने कस्टमर केअरमध्ये नाइट शिफ्ट केली, त्यात बॉडी क्लॉक बिघडलं. त्याला तीन वर्षं झाली, पण बॉडी विसरत नाही. हे मेडिकल आहे. आळस वेगळा.

१२ फेब्रुवारी
कार्यपद्धतीचं मॅन्युअल पूर्ण. बेचाळीस पानं, इंग्रजीत, स्पायरल बाइंडिंग. पंकजने हातावर तोलून पाहिलं आणि विचारलं, हर्षदीपभाऊ, हे वाचणार कोण? चंपत तेलुगू मीडियमचा, तोही सातवीपर्यंत. मी म्हणालो, कल्चर बदलायला वेळ लागतो. तो मोटारीला ग्रीस लावायला निघून गेला. फाउंडर. ग्रीस.

गेटवर वजनाच्या पावत्या लिहायला प्रतिभा नावाची मुलगी आहे. चोवीस वर्षांची, बी.ए., आदिलाबादहून बसने येते. म्हणाली, सर, मी एकाच पानावर चित्रं काढून देऊ का, खाली तेलुगू आन मराठी? काकांना लवकर समजंल. मी सांगितलं, ते स्केलेबल नाही. तिने तो शब्द तळहातावर लिहून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत ती चंपतजवळ उभी राहून कोणता आवाज कशाचा ते विचारत असते. अंगभर भुसा. कीव येते. आपल्या मुलींना करिअर म्हणजे काय ते कोणी सांगतच नाही.

१९ फेब्रुवारी
रोज साडेनऊला स्टँड-अप मीटिंग सुरू केली. सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. चंपत म्हणाला, आमी दिवसभर उभेच असतो साहेब, मीटिंगले तरी बसू द्या. सगळे हसले. मी नोंद केली : रेझिस्टन्स टू चेंज.

मीटिंग पन्नास मिनिटं चालली. बाहेर सहा ट्रॅक्टर थांबले होते. ट्रॅक्टरवाल्यांना वेळेची किंमत नाही, सारखे हॉर्न वाजवत होते.

२७ फेब्रुवारी
मशीन तीनदा अडकलं. पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायची एक जपानी पद्धत आहे, ती लावली. पहिलं, मशीन का अडकलं? चंपत : ओली पऱ्हाटी आली. का आली? ओली होती म्हणून. का ओली होती? तिथे तो थांबला. म्हणाला, काऊन काऊन काय लावलं साहेब, ओली हाय हे गेटवरच दिसते ना.

मूळ कारण मिळालं नाही. अशा लोकांबरोबर जपानी पद्धत चालत नाही. वीट आला.

३ मार्च
प्रतिभाने २८ तारखेपासून गेटवर नियम केला. ट्रॅक्टर आला की मधून एक काडी ओढायची आणि वाकवायची. कट्कन मोडली तर आत. नुसती वाकली तर चार दिवस वाळवून आणा. तेव्हापासून मशीन एकदाही अडकलं नाही. पंकज तिच्याशी गेटवर अर्धा तास बोलत उभा होता.

नियम चांगला आहे, फक्त भाषा गावठी. मॅन्युअलच्या तिसऱ्या आवृत्तीत कलम ७.४ म्हणून घेतला. 'मॉइश्चर व्हॅलिडेशन प्रोटोकॉल'. खाली माझं नाव. ऑनलाइन पोस्टही टाकली. अकरा लाइक. एक प्रतिभाचाच. स्पोर्टिंग आहे.

१० मार्च
सेफ्टी माझ्याकडे आली. म्हणजे मीच मागून घेतली, हेडकडे सेफ्टी असतेच. फॉर्म छापला. मशीन सुरू करायच्या आधी रोज पाच गोष्टी पाहायच्या : तोंडावरचं झाकण, मागची जाळी, पट्टा, अर्थिंग, आणि मशीन झटक्यात बंद करायचं लाल बटन. पाहून टिक, खाली सही. स्टँड-अपमध्ये जाहीर केलं की यापुढे तपासणी ही माझी जबाबदारी, बाकीच्यांनी त्यात हात घालू नये. दोन माणसांनी एकच काम करणं म्हणजे वेस्टेज.

१३ मार्च
तीन दिवस शेडमध्ये जाऊन टिक केली. नाकातून काळं येतंय. रुमाल पाहून मळमळलं. आजपासून ऑफिसच्या काचेतून पाहतो. मशीन दिसतं. चालू असलं तर ठीकच असणार, नाहीतर चालू कसं असेल?

१६ मार्च, रविवार
मोठी आयडिया. रोज एक फॉर्म भरण्यात रोज पाच मिनिटं जातात. सोमवारी आठवड्याचे सगळे एकदम भरले तर पंचवीस मिनिटं वाचतात. याला बॅचिंग म्हणतात.

बाबांना सांगितलं. बाबा तहसीलमधून रिटायर झाले, तिकडचेच शब्द वापरतात. म्हणाले, आमच्या वक्ताले एक पटवारी होता, बांधावर न जाता घरीच बसून पहाणी लिवे. कोनाच्या वावरात काय पेरलं, सारं खाटेवरून. मी विचारलं, मग? म्हणाले, मग काय, दफ्तर लय सुंदर होतं त्याचं.

पाहा. जुन्या काळातही बॅचिंग होतंच.

२१ मार्च
मोठी बातमी. नागपूरहून एका कारखान्याच्या सुवर्णा मॅडम २६ तारखेला येणार. शेड आवडलं तर वर्षभराची ऑर्डर. नाही आवडलं तर मे महिन्यात पऱ्हाटी संपली की शेड बंद, सातही जण घरी. पंकज म्हणाला, त्या प्रेझेंटेशन पाहत नाहीत, काम पाहतात. त्याला माझं प्रेझेंटेशन माहीत नाही. चौसष्ट स्लाइड.

सगळ्यांना लांब बाह्यांचे जॅकेट मागवले, पाठीवर लोगो. सगळे एक्स्ट्रा लार्ज, साइज विचारत बसायला वेळ नव्हता.

२५ मार्च
जॅकेट आले. चंपतच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबतात. म्हणाला, साहेब, मशीनवर मी बाही घालत नसतो. मी म्हणालो, चंपतभाऊ, एक दिवसाचा प्रश्न आहे, ब्रँडिंग आहे. प्रतिभा म्हणाली, दुमडून पिना लावू का? लोगोजवळ सुरकुत्या येतात, म्हणून नको म्हणालो.

सेफ्टीची फाइल टेबलावर मांडली. पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. तिच्याकडे पाहूनच बरं वाटतं. बाकी या जागेत बरं वाटावं असं काही नाही.

२६ मार्च, सकाळी ९.१०
आज. शर्ट इस्त्रीचा. मॅडम साडेदहाला. पदाचा विषय संध्याकाळी काढीन, पंकज खुशीत असताना.

२६ मार्च, संध्याकाळ
अकराव्या स्लाइडवर होतो. शेडमधून ओरडण्याचा आवाज आला.

चंपतची बाही पट्ट्यात गेली. प्रतिभाने लाल बटन दाबलं. मशीन थांबलं नाही. परत दाबलं. मग ती धावत भिंतीकडे गेली आणि मेन स्विच खाली ओढला. बारा-पंधरा पावलं असतील. तेवढ्यात हात कोपरापर्यंत गेला होता.

पंकजने स्वतःच्या गाडीत घालून आदिलाबादला नेलं. प्रतिभा सोबत गेली. मी मॅडमजवळ थांबलो, कोणीतरी थांबायला हवं होतं. मॅडमने बटनाची तपासणी कोण करतं विचारलं. मी फाइल दिली. आजच्या पानावर टिक होती, सही होती. मॅडमने पान उलटलं. २७ तारीख. टिक, सही. मग २८. मग २९. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली.

बटनाची वायर उंदरांनी कुरतडली होती. कधीची कोणास ठाऊक.

फॉर्म बरोबर होता. बटन फॉर्मप्रमाणे नव्हतं.

२७ मार्च
शेड बंद. मी घरी. चंपतच्या हाताचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं. चिरडलेल्या तीन बोटांपैकी दोन वाचली. करंगळी गेली.

वरचं कालचं शेवटचं वाक्य वाचलं. मी लिहिलंय. अक्षर माझंच आहे.

जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, पित्त.

२९ मार्च
पंकजने फोन करून मूळ कारण लिहून पाठवा म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पहिला मसुदा : उंदीर. खोडला.
दुसरा मसुदा : उंदरांबाबत मॅनेजमेंटचं धोरण नसणे. खोडला.
तिसरा : ऑपरेटरने बाहीबाबत पुरेसा ठाम विरोध न करणे. हे लिहून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. पित्त नव्हतं.

३१ मार्च, सोमवार
दवाखान्यात गेलो. वाटेत तयारी केली होती : सिस्टीम फेल्युअर, लर्निंग, वी आर अ फॅमिली. चंपत खाटेवर बसून डाव्या हाताने इडली खात होता. उजवा हात पांढरा, गळ्यात बांधलेला. त्याची बायको उठून मला स्टूल द्यायला लागली. मी नको म्हणालो. तरी दिलं.

त्याने आधी मशीनचं विचारलं. पट्टा बदलून घ्या म्हणाला, आवाज चार दिवसांपासून वेगळा येत होता, सांगीन सांगीन म्हणून राहून गेलं. मग म्हणाला, "साहेब, ते लाल बटन मी जिनिंगमधी होतो तवापासून रोज सकाळी दाबून पाहत होतो. पहिलं काम तेच. तुमी सांगतलं, आता तपासणी माह्याकडं, हात घालू नका. मंग मी सोडलं. मले वाटलं, शिकलेला माणूस रोज पाहून राह्यला."

रागाने नाही बोलला. बस किती वाजताची आहे सांगावं, तसं बोलला.

  इडलीची पिशवी खाली पडली होती, ती उचलून ठेवली. एवढंच केलं.

घरी येऊन एका ओळीचं कारण पाठवलं. मी न पाहता सह्या केल्या, आणि जो पाहत होता त्याला थांबवलं. सोबत राजीनामा.

२ एप्रिल
पंकजने बोलावलं. मॅडमनी ऑर्डर दिली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. महिन्याभराने परत येऊन पाहणार. प्रतिभाने त्यांना दवाखान्यातूनच फोन केला होता म्हणे. काय झालं, कोणाची चूक, आता काय बदललं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मॅडम म्हणाल्या, त्या मुलीमुळे येईन.

ऑपरेशन्स प्रतिभाकडे. चंपतचा पूर्ण पगार चालू, हात बरा झाला की तो नवीन माणसांना शिकवणार. भिंतीवर मोठं पान लागलंय, तेलुगू आणि मराठीत, चित्रं काढलेली. चित्रातल्या माणसाच्या बाह्या कोपराच्या वर आहेत.

राजीनाम्याचं पंकजने प्रतिभाला विचारलं, म्हणजे आता तेही तिच्याकडेच. ती म्हणाली, सर, जायचं असलं तर जा. राहायचं असलं तर गेटवर माणूस पाहिजे. मी पगार विचारला नाही. पदही विचारलं नाही. सोमवारी येतो म्हणालो.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, किती वाजता उठवू?

७ एप्रिल, सोमवार
सातला उठलो. बाबांनी उठवलं. आठ वाजता गेटवर.

पहिला ट्रॅक्टर बाजारहत्नूरकडचा. म्हातारा शेतकरी, डोक्याला टॉवेल. मी मधून काडी ओढली आणि वाकवली. मोडलीही नाही, नीट वाकलीही नाही. दुसरी ओढली. तीही तशीच. महिनाभर हे काम दहा फुटांवरून पाहत होतो. मागे आणखी दोन ट्रॅक्टर येऊन लागले. प्रतिभा आत होती, हाक मारायची लाज वाटली.

म्हातारा पाहत होता. मग खाली उतरला, माझ्या हातातली काडी घेतली, नखाने साल खरवडली. आतून हिरवं निघालं.

"ओली हाय," तोच म्हणाला. "नेतो वापस." मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "नवीन लागले काय?"

हो म्हणालो.