चेलो हातगाडीवर चढू नये म्हणून

मी, नूरमहंमद वल्द इब्राहीम शेख, वय एकसष्ट, धंदा चेलोवादन, आता घरी बसून, राहणार भिंगार, तालुका नगर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी अक्कल शाबूत आहे. शेजाऱ्यांच्या अकलेबद्दल इथे लिहिण्याचं कारण नाही. प्रकृतीही ठणठणीत आहे. हे मुद्दाम नोंदवतो, कारण मरणाच्या दुखण्यात दिलेली बक्षिसी टिकत नाही, असं वकिलांनी बजावलं आहे.

कलम पहिलं. माझे वारस दोन: मुलगी चांदबी आणि धाकटा भाऊ कमरुद्दीन. आमच्या कायद्याने घर दोघांत निम्मं निम्मं. कमरुद्दीनला त्याचा हिस्सा मी देत नाही, कायदा देतो; आभार त्याने तिकडेच मानावेत. त्याचा लग्नाचा बँड आहे. गेल्या ईदेला तो माझ्या चेलोभोवती फेरी मारून म्हणाला, "भाई, तुमच्या माघारी हे धूड हातगाडीवर उभं करू. वर रंगीत बल्ब लावू. वाजवायची काय गरज हाय? दिसलं म्हंजे झालं." मी त्याला शीरखुर्मा न देताच वाटेला लावला.

कलम दुसरं. चेलो म्हणजे काय ते लिहितो, कारण इथले शहाणे अजून त्याला थोरली सारंगी म्हणतात. ते व्हायोलिनच्या जातीचं, पण छातीइतकं उंच वाद्य आहे. खुर्चीत बसून गुडघ्यांत धरायचं आणि गजाने वाजवायचं. इंग्रजी अमदानीत लष्करी बँडच्या गोऱ्या मास्तरने मला ते शिकवलं. चेलो घेऊन परेडला चालता येत नाही, म्हणून सकाळी माझ्या हाती झांजा आणि साहेब जेवायला बसले की चेलो. सोळा वर्षं मी काट्याचमच्यांच्या खणखणाटाला साथ केली. त्यात एखाद्या साहेबाने मान वर केलीच, तर ती वाढप्याला हाक मारायला.

पुढे अठरा वर्षं मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलं. पडद्यावर आई मरायला टेकली की माझी आठवण व्हायची. एकच लांब सूर. संगीतकार काचेपलीकडून ओरडायचा, "अजून रडवा!" अशा शे-दीडशे आया मी पोचवल्या. त्या संगीतकाराला माझ्याकडून काही नाही. एवढाच निरोप, की सगळ्या आया एकाच सुरात मरत नाहीत.

कलम तिसरं. माझी हत्यारं, सरसाचं भांडं आणि शिसवीची फळी सहादेव सुतार यांस द्यावी. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती मोडली, तेव्हा मुंबईचा दुकानदार म्हणाला, विलायतेहून मागवा. सहादेवाने तुकडे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, "ह्यात काय हाय? दोन दिस द्या." दोन दिवसांत घोडी उभी. उभ्या जन्मात मला आदर वाटला असा हा एकच माणूस. त्याने काम करताना गुणगुणू नये, ही विनंती.

कलम चौथं, चेलोबद्दल. चांदबी मुंबईच्या एका खोलीत माझा रियाज ऐकत वाढली. शिकव म्हणाली तेव्हा मी म्हणालो, बाईमाणसाने गुडघ्यांत वाद्य धरून बसायचं? लोक काय म्हणतील? ज्या लोकांना मी आयुष्यभर कवडीची किंमत दिली नाही, त्यांना मी भ्यालो. चार वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने पुण्यात होतो. परत आलो तर गजाला लावायची राळ निम्मी झिजलेली आणि गजाचे केस नीट सैल करून ठेवलेले. चोर गज सैल करून ठेवत नाही. मी नसताना चांदबी वाजवत होती, हे मला कळलं. बाजारातून कुलूप आणलं आणि पेटीला लावलं. इतक्या कोत्या मनाचं काम कमरुद्दीननेही केलं नसतं.

एका वारसाला मृत्युपत्राने काही द्यायचं तर दुसऱ्याची संमती लागते. कमरुद्दीन मेला तरी ती देणार नाही. म्हणून चेलो या मृत्युपत्रात नाही. जिवंतपणी हातात दिलेली बक्षिसी मात्र कोणी मोडू शकत नाही.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी दोघा साक्षीदारांसमोर मी कुलूप काढून चेलो, गज आणि सुरांचे सगळे कागद चांदबीच्या स्वाधीन केले. तिने "कबूल" म्हटलं. कब्जा दिसावा म्हणून वाजव, म्हणालो. ती म्हणाली, "तुमी भाईर बसा."

मी बाहेर पायरीवर बसलो. चार वर्षं वाद्याला हात नव्हता, तरी तिने गोऱ्या मास्तरचा पहिला मोठा धडा काढला. आठव्या ओळीत तिसरं बोट सुराच्या खाली उतरलं. याच चुकीवरून मी मुंबईत चौघा वादकांना सगळ्यांदेखत गाढव म्हटलं होतं. राहवेना. पायरीवरून ओरडलो, "तिसरं बोट वर घे!"

गज थांबला. आतून चांदबी म्हणाली, "अब्बा, तुमी वाजवता तसंच वाजवलंय."

मी साक्षीदारांकडे पाहिलं. दोघंही जमिनीकडे पाहत होते. तिने धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आहे आणि मी पायरीवरच बसून सही करत आहे.

सही: नूरमहंमद इब्राहीम शेख

समक्ष साक्षीदार:
१. सूर्यभान तांबे, घड्याळदुरुस्ती, भिंगार
२. गोरक्षनाथ कर्ले, निवृत्त पोस्टमास्तर, भिंगार

मुक्काम भिंगार, ता. १६ मे १९७१