वाकडं जुळलेलं हाड

प्रिय स्नेहल,

भाटघरहून कागदावर पत्र आलं म्हणून हसू नकोस. अक्षरालाही नावं ठेवू नकोस, उजवा हात थोडा वेळ जरी टेकवून ठेवला तरी खांदा ओढायला लागतो. तुझा गोळा आता किती लांब जातोय? शेवटचं मोजलं तेव्हा मी तुझ्या पुढं होते, बरं का! तुला वाटतंय की मी बरी होऊन नसरापूरला अकादमीत परत येणार आणि आपण दोघी मिळून पोलीस भरतीला उतरणार. नाही गं. मी येणार नाही. तेच आधी सांगून टाकते.

दादाच्या गाडीवरून पडले ते तुला माहीत आहे. स्पीडब्रेकर दिसला नाही आणि मी खांद्यावर आपटले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. गळ्याखाली आडवं असतं ना, हासळीचं हाड, ते बोटाएवढं जाड आणि जरासं नागमोडी. एक टोक छातीच्या हाडाला, दुसरं खांद्याला. अख्खा हात धडापासून बाजूला धरून ठेवायचं काम एवढ्याशा हाडाचं! खांद्यावर पडलं की सगळा दणका त्यातूनच जातो आणि बहुतेकांचं मधोमध मोडतं, कारण तिथंच ते नाजूक. माझंही तिथंच. मग मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताच्या वजनानं बाहेरचा खाली लोंबतो. डॉक्टर म्हणाले, फार सरकलंय, प्लेट टाकलेली बरी. नाहीतर खांदे मागं ओढणारा पट्टा आणि हाताला झोळी, पण जुळेपर्यंत काढायचं नाव नाही. अण्णांनी पट्टा निवडला. गळ्याजवळ टाक्यांची खूण राहिली तर पोरीला बघायला कोण येईल, असं त्यांचं म्हणणं.

आणि बघायला आलेच की! पट्टा लागून महिनाही झाला नव्हता. तुमच्या वेल्ह्याकडचं स्थळ, सोमेश्वर नावाचा मुलगा, कंपनीत कायम. आदल्या संध्याकाळी आईनं पट्टा सोडला. मी रडले, भांडले. आईचं एकच, वहिनीच्या प्रांजलचं हेच हाड जन्मताना मोडलं होतं, त्याला कुणी पट्टा बांधला? नुसती झबल्याची बाही छातीशी टाचून ठेवली, लगेच जुळलं, आता घरभर पळतोय. तुजंबी जुळंल, लई लाड नकोत. तान्ह्या बाळाचं हाड आणि माझं हाड सारखं कसं असेल, हे तिला कोण सांगणार? मग काय, साडी नेसले आणि पोह्यांचा ट्रे घेतला. ट्रे दोन्ही हातांनी धरायचा असतो, त्यामुळं झोळीही गेली. सगळ्यांच्या पाया पडायला वाकले तेव्हा आत काहीतरी करकरलं, मला ऐकू आलं. मी दात आवळून बसले होते, आणि पाहुणे म्हणाले, पोरगी फार शांत आहे हो.

पसंती आली. मग पाहुण्यांची ये-जा वाढली आणि पट्टा अंगावर कमी, कपाटात जास्त राहायला लागला. आता हाड जुळलंय, पण एकावर एक चढून. उजवा खांदा आखूड झालाय, पुढं झुकलाय. गोळा मानेला टेकवतो ना, बरोबर त्याच्या खाली टेंगूळ आलंय. परवा घरात कुणी नसताना परड्यात जाऊन एक धोंडा उचलला, फेकून बघावा म्हणून. हात वर गेलाच नाही. बोटांना मुंग्या आल्या आणि धोंडा पायाशी पडला. मला रडूसुद्धा आलं नाही. डॉक्टर म्हणतात, अजूनही मोडून प्लेटवर नीट बसवता येईल. पण गोळाफेकीचं विचारलं तेव्हा ते दुसरंच काही बोलायला लागले. अण्णा म्हणतात, आता काय करायचं ते सासरचे करतील. सासरच्यांना माहीतच नाही, ते काय करतील, कप्पाळ! ब्लाउज सगळे बंद गळ्याचे शिवायला टाकलेत.

आता पत्र कशाला लिहितेय ते सांगते. तुझ्या शेजारच्या चंद्राबाई या सोमेश्वरच्या आत्या. आपण एकत्र सराव करायचो हे त्यांना कळलंय, त्यामुळं साखरपुड्याआधी त्या तुझ्याकडं चौकशीला येणार. रविवारी आई मला शेजारी बसवून, स्पीकर चालू ठेवून, तुला फोन लावायला लावणार आहे. मी म्हणेन, स्नेहल, अपघाताचं कुणाला बोलू नकोस हां. हसत म्हणेन. तू हो म्हण, नाहीतर माझी धडगत नाही. पण चंद्राबाई आल्या की सगळं सांग. हाड मोडलं, वाकडं जुळलं, हिला भरलेला हंडा उचलत नाही, असं स्पष्ट सांग. मुलगा वाईट वाटला नाही, म्हणूनच सांग. त्यांच्याकडं गोठा आहे. पहिल्याच आठवड्यात वैरणीचा भारा उचलायची वेळ येईल आणि मग फसवलं म्हणून जन्मभर ऐकावं लागेल. लग्न मोडेल, मोडू दे. त्यानं माझा हात काही वर जाणार नाही, आणि घरात मला काय काय ऐकावं लागेल तेही मला ठाऊक आहे. तरी सांग. या हाडाबद्दल खरं बोलणारं आमच्या घरात कुणी नाही गं, आणि रविवारी मीही खोटंच बोलणार आहे.

तुझीच, फोनवरची नव्हे, ही इथली,
अश्विनी